आईला चार आजार आणि दिवसाला अकरा गोळ्या. रिपोर्ट चांगले असूनही ती सुखी नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आई ७६ वर्षांच्या आहेत. मधुमेह, बीपी, थायरॉइड, गुडघेदुखी, डॉक्टर तीन. रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून त्या पाणी कमी पितात आणि भजनालाही जात नाहीत. माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे अशी घरं मी रोज बघतो.

आधी त्यांनाच विचारा, त्यांना नेमकं काय जमायला हवंय. भजनाला जायचं असेल, तर डॉक्टरांपुढे पहिली तक्रार तीच मांडा, साखरेचा आकडा नंतर.

मग घरातलं प्रत्येक औषध, काढे-चूर्ण आणि शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळीसुद्धा, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन चालतील. अशा पिशवीत नाव कापलं गेलेल्या अर्धवट पट्ट्या निघतात आणि एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी निघतं. एका पट्टीत नुसती टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी, दुसरीत तीच अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबर. बाई दोन्ही घेत असतात.

रात्रीच्या उठण्याबद्दल मला एक शंका येते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. ती सूज हृदयाची किंवा किडनीची समजून लघवीची (म्हणजे लघवी वाढवणारी) गोळी सुरू होते. ती संध्याकाळी घेतली की रात्रभर फेऱ्या. झोप जाते, अंधारात पडायची भीती बसते, पाणी तोडलं जातं आणि उठल्यावर चक्कर येते. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी चालू असेल तर बीपी चढतं, आणि बीपीच्या व लघवीच्या गोळ्यांसोबत ती किडनीला फार जड जाते. असा प्रकार दिसला तर कुठली गोळी बदलायची, कुठली सकाळी न्यायची, हे डॉक्टर ठरवू शकतात. वाढलेली साखर किंवा लघवीतला जंतुसंसर्ग हीसुद्धा कारणं असतात, तेही तपासून घ्या.

बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर चक्करेचं कारण हातात येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा. त्याच्या कमतरतेने तळपाय बधिर होतात आणि थकवा येतो. 'एचबीए१सी'चं, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचं, लक्ष्यही विचारा. अनेक आजार असलेल्या वयस्कांसाठी ते आठ टक्क्यांच्या आत ठेवलं तरी चालतं, असं अमेरिकन डायबिटीज असोसिएशनही सांगते. सात गाठायच्या हट्टात साखर खाली जाणं या वयात जास्त धोक्याचं आहे.

मनाने एकही गोळी बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या की बीपी उसळतं. पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हात थरथरले, दरदरून घाम फुटला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच साखर मोजा. ७०च्या खाली असेल तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.