नाशिकच्या इंदिरानगरला रो हाऊसच्या मागे ४ कोंबड्या पाळल्या तर परवडतं का, की फार्मचीच अंडी घेत राहू?

तुम्ही लिहिलंय की मागे १० बाय १२ ची मोकळी जागा आहे, घरात चार माणसं, महिन्याला दोन-अडीच ट्रे अंडी लागतात, आणि फार्मच्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात असं वाचून डोकं खराब झालंय. आमच्याकडे म्हसरूळला मागच्या अंगणात कोंबड्या आहेत आणि अंडी कमी पडली की आम्ही पण कोपऱ्यावरच्या दुकानातून ट्रे आणतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. पैसे वाचवायला पाळणार असाल तर नका पाळू. बाकी कारण असेल तर पुढे वाचा.

हिशोब बघा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते, चार कोंबड्या म्हणजे महिन्याला १४ किलो. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) किरकोळीत ३५ रुपये किलो धरला तर पाचशेच्या आसपास गेले (गोणी घेतली तर स्वस्त पडतं, पण ५० किलोची गोणी चार कोंबड्यांना साडेतीन महिने चालते आणि पावसाळ्यात तोवर तिला बुरशी येते, ते खाद्य घालायचं नसतं). आता अंडी किती, तर ते जातीवर आहे. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० देते आणि मधेमधे खुडूक बसते (अंडी थांबवून उबवायला बसते). हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया २०० च्या आसपास, आणि फार्ममध्ये असते ती पांढरी बीव्ही-३०० तीनशेच्या वर. ग्रामप्रिया धरली तरी चार कोंबड्यांची महिन्याला ६५ अंडी, म्हणजे नुसत्या खाद्याचेच अंड्यामागे साडेसात रुपये झाले. दुकानात पण तेवढ्यालाच मिळतंय की! यात खुराड्याचा खर्च नाही, पिलं अंड्यावर येईपर्यंतचं पाच महिन्यांचं खाणं नाही, आणि तुमची मेहनत तर कोणी धरतच नाही.

लोक म्हणतात घरातलं उष्टंखरकटं खातील, खाद्य लागणारच नाही. भाजीचे देठ, पालक, कलिंगडाची सालं आवडीने खातात हे खरं, पण शिळी भाकरी-भात जास्त झाला की पोट भरतं आणि प्रोटीन पोटात जात नाही, मग अंडी कमी होतात. गावाकडे कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून किडे-अळ्या खाते म्हणून तिचं भागतं, तुमच्या १० बाय १२ मध्ये आठवड्याभरात गवताची काडी राहणार नाही.

हां, तुम्ही आत्ता जर १५ रुपयाचं 'गावरान' अंडं घेत असाल तर गणित उलटं होतं, तिथे घरची कोंबडी स्वस्तच पडते. फक्त एक, तपकिरी कवच म्हणजे गावरान नाही. कवचाचा रंग जातीवर असतो, फार्ममध्ये पिंजऱ्यात पण तपकिरी अंडी देणाऱ्या जाती ठेवतात. आणि बलकाचा केशरी रंग खाद्यावर असतो, पिवळा मका आणि हिरवा पाला जास्त गेला की बलक गडद येतो. प्रोटीन दोन्हीकडे सारखंच, अंड्यामागे ६ ग्रॅमच्या आसपास. चवीचं म्हणाल तर ताज्या अंड्यात फरक कळतो, हाफ फ्राय केलं की पांढरं पसरत नाही, बलक उभा राहतो, पण तो ताजेपणाचा फरक आहे. फार्मचं कालचं अंडं मिळालं तर ते पण तसंच राहतं.

हार्मोनचं डोक्यातून काढून टाका. हजारो पक्ष्यांना रोज इंजेक्शन टोचत बसायला कोणाकडे माणसं आहेत? तीनशे अंडी येतात ती जात, मोजून दिलेलं खाद्य आणि लाईट यामुळे. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला १४-१६ तास उजेड लागतो, डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासाचा होतो, फार्मवाला बल्ब लावून भरून काढतो. तुम्ही नाही लावलात तर थंडीत अंडी कमी होतील, मेच्या उन्हात पण होतात, शिवाय उन्हात धापा टाकून कवच पातळ पडतं, हातात घेतलं की टिचतं. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा, तो प्रश्न खरा आहे. कोलिस्टिन नावाचं औषध पोल्ट्रीत वाढीसाठी सर्रास वापरलं जायचं, २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. पिंजऱ्याचं वाईट वाटत असेल तर ते पण समजू शकतो, एका कोंबडीला वहीच्या दोन पानांएवढीसुद्धा जागा नसते, पंख पसरता येत नाहीत. माझ्या मते घरी पाळायचं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे.

आता जे कोणी विचारत नाही ते सांगतो. दोन वर्षांनी काय? कोंबडी दीड वर्ष जोरात अंडी देते, मग पिसं गाळते, त्यात दोनेक महिने बंद असते, पुढे सुरू होते पण कमी. आणि जगते आरामात सहा-सात वर्षं, खाणं तेवढंच. फार्मवाला ७२ ते ८० आठवड्यांना सगळा लॉट मटणाला विकतो म्हणून त्याला परवडतं. तुमच्या घरात तोवर पोरांनी नावं ठेवलेली असणार, हाताने दाणे भरवलेले असणार, आणि एखाद्या रविवारी तिचा रस्सा करायचा म्हटलं की घरात मतदान घ्यायला लागेल. आमच्याकडे दोन म्हाताऱ्या फुकट खात बसल्यात, आमची आई म्हणते राहू द्या, इतके दिवस दिली ना तिनं. हे आधी घरात बोलून घ्या, नंतर वाद होतात.

दुसरं, संध्याकाळ. कोंबड्या तिन्हीसांजेला आपापल्या खुराड्यात जातात, दार मात्र तुम्हालाच लावायचंय, रोज. लग्नाला गावाला गेलात, सिनेमाला गेलात, तरी कोणीतरी हवं. बिबट्याच्या बातम्या नाशिककरांना नवीन नाहीत, पण कोंबडीचा खरा वैरी मुंगूस आणि बोका. मुंगूस एक मारून नेत नाही, सापडतील तेवढ्या सगळ्यांच्या माना फोडतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी दुकानात मिळते ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी लावली होती, तिने कोंबडी आत राहते पण मुंगूस बाहेर राहत नाही, सकाळी सगळ्या पडलेल्या. अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) घ्या, जमिनीत फूटभर गाडा, आणि कडीला खिट्टी लावा.

वास आणि माशा यावरून शेजारी भांडतात, रो हाऊसला तर भिंतीला भिंत. खाली भाताचं तूस चार बोटं टाकायचं, दर दोन दिवसांनी वरखाली करायचं, ओलं झालं की चुना भुरभुरायचा, मग वास येत नाही. कोंबडा ठेवू नका, अंड्यासाठी लागत नाही, आणि पहाटे चारला आरवला की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचंच नाव. महापालिकेत आणि सोसायटीत आधी विचारलेलं बरं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी तिसरा रस्ता बघितला असता. गिरणारे, मखमलाबाद, पाथर्डी गावाकडे अजून घरोघर कोंबड्या आहेत, दूधवाल्याला नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, आठवड्याला एक डझन घरपोच देणारं कोणीतरी निघतंच. कोंबड्या कशा फिरतात ते डोळ्यांनी बघून या आणि रेट ठरवून टाका. उरलेली गरज फार्मच्या ट्रेवर, श्रावणात तर भाव उतरतातच. घेताना एक अंडं पाण्यात टाकून बघा, आडवं बुडालं तर ताजं, तरंगलं तर तो दुकानदार सोडा.

एवढं वाचूनही पाळायच्याच असतील (आणि पोरं लहान असतील तर मजा आहे, खोटं का बोलू) तर बाजारात रंगवलेली पिलं विकतात ती घेऊ नका, ते हॅचरीने काढून टाकलेले नर असतात, अंडी कुठून देणार. एक दिवसाची पिलं पण नको, बल्बखाली ऊब द्यायची, लस द्यायची, मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीची बाटली येते शंभर पक्ष्यांची आणि मिसळली की दोनेक तासांत संपवायची, चार पिलांसाठी कोण फोडणार. तीन-चार महिन्यांच्या लस झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, महाग पडतात पण वाचतात. कुठल्या लसी कधी दिल्या ते लिहून मागा. बर्ड फ्लू आला तर मात्र या लसींचा उपयोग नाही, २००६ ला नंदुरबारकडे नवापूरला आला तेव्हा त्या परिघातल्या घरगुती कोंबड्या पण माराव्या लागल्या होत्या, म्हणून अचानक दोन-तीन मेल्या तर पुरून मोकळे होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तलंग निवडताना डोळे स्वच्छ, नाकाला चिकटा नाही, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही आणि कानाजवळ धरली तर छातीत घरघर नाही एवढं तपासा. आणि दिवाळीच्या आत आणा, म्हणजे मे महिन्याच्या आधी जागेला रुळतात.