बंद बोगदा, बंद खाण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे नागपूरजवळच्या मँगनीज पट्ट्यातल्या एका बंद खाणीत जायचं म्हणतोय. वाट डोंगराच्या पोटात आडवीच शिरते. रेल्वेच्या जुन्या बोगद्यांतून आम्ही बरेच फिरलोय. मेणबत्ती पेटती ठेवली की हवा कळते ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मेणबत्तीवर भिस्त ठेवू नका. बोगद्याला दोन तोंडं असतात, वारा आरपार जातो. बंद खाणीचं बहुतेकदा एकच तोंड उघडं असतं. आत टेकूंचं लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, आणि दोन्ही मिळून ऑक्सिजन खातात. उरतो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, म्हणून खड्ड्यात, उतारावर साचून राहतो. विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलेही वर येत नाहीत, ते बहुतेक वेळा अशाच मेलेल्या हवेमुळे.

चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मेणबत्ती विझते तो १६-१७ टक्क्यांवर आला की. तोवर धाप लागलेली असते, निर्णय चुकू लागलेले असतात. कोळशाच्या खाणीत तर मिथेन ५ ते १५ टक्के असला की ज्योतीनं स्फोट होतो. बंद कोळसा खाणीत मीटर घेऊनही जाऊ नका.

चार वायूंचा मीटर घ्या : ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू. पण त्याची एक उणीव नीट समजून घ्या. त्यात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर सहसा नसतो. हवेत हा वायू ५ टक्के मिसळला तरी ऑक्सिजन जेमतेम १९.९ वर येतो, गजर १९.५ ला वाजतो. मीटर गप्प, आणि तुमचं डोकं ठणकतंय, छाती धपापतेय! म्हणून कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर हवाच. तो ०.५ टक्के दाखवू लागला की सावध व्हा, १.५ ला मागे फिरा. ऑक्सिजन १९.५ च्या खाली किंवा कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) वर गेला तरी तेच.

मीटर खाणीच्या तोंडापासून लांब, मोकळ्या हवेत सुरू करा आणि २०.९ दाखवतोय ना, ते पाहा. सेन्सरला आकडा स्थिरावायला अर्धा मिनिट लागतो; भरभर चालाल तर तुम्ही आकड्याच्या पुढे गेलेले असाल. उतार लागला की मीटर आधी दोरीला बांधून खाली सोडा, थांबा, वर घेऊन ऑक्सिजनची सर्वांत कमी आणि बाकी वायूंची सर्वांत जास्त नोंद बघा. पावसाआधी हवेचा दाब उतरतो, तेव्हा आतली वाईट हवा तोंडाकडे येते. त्यामुळे कालचे आकडे आज धरू नका. आणि साथीदार कोसळला तर धावून आत जाऊ नका, बाहेर पडून मदत बोलवा.

पायाखालीही तितकंच बघा. खाली जाणारे खड्डे फळ्या टाकून झाकलेले असतात, वर माती-मुरूम साचून ते जमिनीसारखेच दिसतात. काठी आपटल्यावर पोकळ आवाज आला की तिथेच थांबा. गढूळ डबक्याखाली खड्डा असू शकतो. टेकूच्या लाकडांना हात लावायचा नाही. आणि हे सगळं जमीनमालकाची किंवा खाण कंपनीची लेखी परवानगी हातात आल्यावरच.

प्रश्न : खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनकडचा सोडून दिलेला रेल्वेमार्ग पाहता येईल का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. रिव्हर्सिंगला गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं चढायची. १९२९ मध्ये नवी मार्गरेषा आली आणि हा टप्पा सुटला. खरा धोका तिथे पोचण्यातच आहे : लोक चालू रुळांवरून जातात. घाटाच्या वळणांवर गाडी ऐकू येईपर्यंत ती जवळ आलेली असते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्ग बंद असला तरी जमीन रेल्वेचीच आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आधी लेखी अर्ज करा.

परवानगी मिळाली तर बोगद्याच्या तोंडाशी, कमानीच्या आतल्या अंगाला दुर्बिणीतून बघा. सह्याद्रीत आग्या मोहोळ अशाच जागी लागतं. असेल तर परत फिरा. अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको. अस्तराचा दगड बाहेर फुगलेला दिसला तर त्याखाली उभं राहू नका. पावसाळा संपल्यावर लगेच तर मुळीच नाही.

प्रश्न : टॉर्च किती न्यावेत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माणशी तीन. एक हेल्मेटवर, एक हातात, एक पिशवीत, आणि सुटे सेल. मोबाइलचा उजेड यात धरायचा नाही. परतायची वेळ घरी लिहून ठेवा. ती टळून दोन तास झाले की ११२ ला फोन करायला सांगा.