एकच आभाळ, चार अंदाज

हवामानाच्या अंदाजाविषयी येणारे प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतातच, तक्रारी असतात. या वेळच्या पत्रांचा सूरही तोच आहे. मी अंदाज वर्तवणाऱ्यांचा वकील नाही. पण काही आरोप भलत्याच आरोपीवर आहेत, एवढं सांगायला हवं.

प्रश्न : मोबाइलवर हवामानाची दोन ॲप आहेत. उद्या दुपारी एक म्हणतं लख्ख ऊन, दुसरं म्हणतं गडगडाटासह पाऊस. जागा एकच, आभाळ एकच. दोघांपैकी कोण खोटं बोलतंय?

खोटं कुणीच बोलत नाही. बहुतेक ॲप मुळात स्वतः अंदाज करत नाहीत. ती कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या संगणकीय मॉडेलची (म्हणजे आत्ताच्या हवेवरून पुढचं हवामान काढणाऱ्या संगणकाच्या गणिताची) उत्तरं उचलतात, त्यांवर आपापले संस्कार करतात आणि ढगाचं नाहीतर सूर्याचं चित्र लावून तुमच्यापुढे ठेवतात. सगळ्या पृथ्वीचं हवामान सोडवणारी मोठी मॉडेल्स मोजकीच आहेत. युरोपीय केंद्राचं (अनेक युरोपीय देशांनी मिळून चालवलेली अंदाजसंस्था, ईसीएमडब्ल्यूएफ), अमेरिकेचं जीएफएस, ब्रिटनचं, जर्मनीचं आयकॉन आणि अशी आणखी थोडी. तुमच्या दोन ॲपनी दोन वेगळ्या विहिरींचं पाणी भरलेलं असणार.

आता या विहिरीच वेगळ्या का? पहिलं कारण सुरुवातीचं. उद्याचं हवामान काढायचं तर आत्ताचं हवामान नेमकं माहीत हवं, आणि ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं. उपग्रह, जहाजं, विमानं, समुद्रातले तरंगते बोये आणि दिवसातून साधारण दोनदा सोडले जाणारे फुगे यांच्या नोंदी एकत्र करून मधल्या रिकाम्या जागा अंदाजानेच भराव्या लागतात. प्रत्येक केंद्र त्या आपल्या पद्धतीने भरतं.

हे किती महागात पडू शकतं याचं सगळ्यात जुनं उदाहरण लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करता करता त्याने हाताने आकडेमोड केली : 20 मे 1910 या दिवशी युरोपातल्या एका ठिकाणी सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल? उत्तर आलं 145 हेक्टोपास्कल (हे हवेचा दाब मोजायचं एकक), म्हणजे अशक्यच वाटावा असा बदल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. 1922 साली त्याने हे फसलेलं उत्तर तसंच छापलं, याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं. पुढे संशोधकांनी सुरुवातीचे आकडे नीट जुळवून घेऊन तेच गणित पुन्हा केलं, तेव्हा उत्तर ताळ्यावर आलं. गणित बरोबर होतं, पेरणी बिघडली होती.

दुसरं कारण चौकटींचं. मॉडेल पृथ्वीवर जाळं टाकतं आणि प्रत्येक चौकटीला एक तापमान, एक आर्द्रता, एक उंची देतं. युरोपीय केंद्राची चौकट सुमारे 9 किलोमीटरची, जीएफएसची सुमारे 13 किलोमीटरची. म्हणजे 9 किलोमीटरच्या चौकटीत साधारण 80 चौरस किलोमीटर जमीन येते. त्यात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असली, तरी मॉडेलच्या दृष्टीने ती एकच सरासरी जमीन. गडगडाटी पावसाचा ढग अनेकदा या चौकटीपेक्षा लहान असतो, म्हणून मॉडेल तो थेट ‘बघत’ नाही. ‘इतकी उष्णता, इतकी ओल, तेव्हा पाऊस पडला असेल’ असा ठोकताळा लावतं, आणि हे ठोकताळे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. म्हणूनच विस्तीर्ण वादळी पट्ट्याच्या पावसाबद्दल मॉडेल्सचं सहसा जमतं, पण तापलेल्या दुपारी अचानक येणाऱ्या सरींवरून त्यांची हमखास जुंपते. तुमची उद्याची दुपार बहुधा याच जातीची आहे.

शिवाय चित्रांचा घोळ वेगळाच. चाळीस टक्के शक्यतेला एखादं ॲप नुसता ढग दाखवतं, तर दुसरं छत्री. दोघांचा आकडा एकच असूनही तुम्हाला भांडण दिसतं. चित्र सोडा, आकडा बघा.

प्रश्न : ‘पावसाची शक्यता 30 टक्के’ असं होतं आणि आम्ही चिंब भिजलो. अंदाज चुकला असं म्हणायचं की नाही?

नाही. आणि कोरडे राहिला असतात तरी ‘बरोबर आला’ असं म्हणता आलं नसतं. एका दिवसावरून हा आकडा तपासताच येत नाही. ज्या ज्या दिवशी 30 टक्के म्हटलं, त्यांतल्या दहापैकी साधारण तीन दिवशी पाऊस पडला, तर सांगणारा प्रामाणिक. तुम्ही त्या तीन दिवसांत सापडलात.

गंमत अशी की या आकड्याचा अर्थच लोक वेगवेगळा लावतात. ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना तो विचारून केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. कुणी म्हणालं 30 टक्के वेळ पाऊस, कुणी म्हणालं 30 टक्के भागात पाऊस. योग्य अर्थ बहुसंख्येने सांगितला तो फक्त न्यूयॉर्ककरांनी. अमेरिकेत असे टक्के 1960च्या दशकापासून रोज ऐकवले जातात, त्याचा हा परिणाम असावा.

एक खाचखळगा मात्र खरा आहे. अमेरिकेतले काही खासगी अंदाज तपासले, तेव्हा पावसाची लहान शक्यता मुद्दाम फुगवून सांगितली जाते असं आढळलं. कारण उघड आहे. छत्री नेली आणि पाऊस आला नाही तर कुणी शिव्या देत नाही, उलट झालं तर देतात. तेव्हा खासगी ॲपवरचे 20 टक्के थोडे कमीच धरा.

प्रश्न : युरोपीय मॉडेल सगळ्यात अचूक असं सगळीकडे वाचतो. मग बाकीची बघायचीच कशाला?

जगभराची, वर्षभराची सरासरी काढली तर पारंपरिक मॉडेल्समध्ये युरोपीय मॉडेल बरीच वर्षं पुढे राहिलं आहे. त्याची कीर्ती सर्वतोमुखी झाली ती 2012च्या सँडी चक्रीवादळाने. हे वादळ पश्चिमेला वळून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळेल, असं युरोपीय मॉडेल जवळपास आठवडाभर आधी सांगू लागलं. जीएफएस आणखी काही दिवस त्याला अटलांटिकमध्ये दूर पाठवत राहिलं. 29 ऑक्टोबरला वादळ न्यू जर्सीला येऊन धडकलं.

पण त्याच युरोपीय मॉडेलवर भिस्त ठेवल्याने काय झालं तेही ऐका. जानेवारी 2015 मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन फूट बर्फाचा इशारा गेला. बर्फासाठी भुयारी रेल्वे बंद ठेवण्याची ती त्या शहरातली पहिलीच वेळ. सेंट्रल पार्कमध्ये पडला तो जेमतेम 10 इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं, आणि त्या पूर्वेकडच्या लोकांनी दोन फूट बर्फ खरोखरच उपसला. जीएफएसने शहरात कमी बर्फ दाखवला होता. हवामान विभागाच्या एका अधिकाऱ्याने नंतर जाहीर माफी मागितली.

माझ्या मते त्या दिवशीची चूक मॉडेलची कमी आणि वाचणाऱ्यांची जास्त होती. दोन चांगली मॉडेल्स एकाच शहरावरून भांडत होती, तेव्हा ‘आम्हाला खात्री नाही’ हीच खरी बातमी होती. सगळी मॉडेल्स एकच सांगत असतील तर निर्धास्त राहा. फाटाफूट असेल, तर विजेता शोधत बसण्यापेक्षा दोन्ही शक्यतांची तयारी ठेवा.

प्रश्न : बरोबर पंधरा दिवसांनी आमचा उघड्यावर कार्यक्रम आहे. ॲप त्या दिवशीचं तासातासाचं हवामान दाखवतंय. त्यावर मंडपाचा निर्णय घेऊ का?

नका घेऊ. पंधराव्या दिवशी दुपारी तीन वाजता 31 अंश आणि हलकी सर, असं सांगणारं ॲप मला ज्योतिषाच्या जवळचं वाटतं. ॲपने तो आकडा मनाने घातलेला नसतो, मॉडेलमधूनच आलेला असतो. पण इतक्या दूरवर त्याचं वजन नसतं.

1961 साली एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने संगणकावरचं एक गणित मध्यापासून पुन्हा चालवलं. यंत्राच्या पोटात आकडा होता 0.506127, त्याने कागदावरून टाकला 0.506. थोडा वेळ दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालली आणि मग त्यांनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नाही. हवेचं तसंच आहे. सुरुवातीची बारीकशी चूक वाढत जाते, आणि दोन आठवड्यांच्या आसपास दिवसागणिक अंदाजाची मर्यादा संपते. अमेरिकी हवामान संस्था ढोबळ हिशेब असा सांगते : पाच दिवसांचा अंदाज सुमारे 90 टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा सुमारे 80 टक्के वेळा, आणि दहा दिवस किंवा त्यापुढचा निम्म्याच वेळा.

यावर तोडगा म्हणून 1992च्या अखेरीपासून युरोपीय आणि अमेरिकी केंद्रं एकच अंदाज न काढता, सुरुवात किंचित बदलून अंदाजांचा अख्खा जथाच काढतात. युरोपीय जथ्यात 51 जण आहेत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तसं इथे 51 मुखी. त्यांतले 45 कोरडे असतील तर एक गोष्ट, 25 विरुद्ध 26 असेल तर दुसरीच. काही संकेतस्थळं या सगळ्या रेषा एका आलेखावर दाखवतात. कार्यक्रमाला सात दिवस उरले की तो आलेख उघडा. रेषा झाडूच्या टोकासारख्या विस्कटलेल्या दिसल्या, तर मंडप सांगून ठेवा.

प्रश्न : सकाळी एक अंदाज, दुपारी दुसरा. यांना स्वतःचंच ठरवता येत नाही का?

मोठी मॉडेल्स दिवसातून चार वेळा नव्याने चालतात, आणि दर वेळी ताज्या नोंदी हाती असतात. बदल हा सुधारणेचा भाग आहे. फक्त उत्तर दर खेपेला इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर तो दिवस मुळातच अवघड आहे असं समजा.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता अंदाज करते म्हणे. जुनी मॉडेल्स मोडीत निघाली का?

अजून नाही, पण हादरा जबरदस्त बसला आहे. 2023 साली हुआवेची पांगू-वेदर आणि गूगल डीपमाइंडची ग्राफकास्ट ही मॉडेल्स पुढे आली. ग्राफकास्ट दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देतं आणि बहुतेक कसोट्यांवर ते युरोपीय मॉडेलला सरस ठरलं. युरोपीय केंद्राने शहाणपणा दाखवला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये स्वतःचंच असं मॉडेल नेहमीच्या वापरात आणलं.

ही मॉडेल्स भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवत नाहीत, जुन्या हवामानाच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून शिकतात. पण त्या नोंदी जुळवल्या गेल्या जुन्या पद्धतीच्या मॉडेलच्या मदतीने, आणि आजची सुरुवातही बहुधा तिथूनच येते. शिवाय लांबच्या अंदाजात त्यांतली काही मॉडेल्स टोकं बोथट करतात. वादळाचा मार्ग उत्तम सांगतील, जोर मात्र कमी दाखवतील.

प्रश्न : शेवटी मी कोणतं ॲप ठेवू ते एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात जमणार नाही. येत्या तासा-दोन तासांसाठी कुठलंच मॉडेल नको, रडारचं चित्र बघा आणि सरी कुठल्या दिशेने सरकताहेत ते डोळ्यांनी पाहा. वादळ, पूर, वीज यांच्या इशाऱ्यांसाठी आपल्या देशाच्या सरकारी हवामान संस्थेकडेच जा. तिथे मॉडेलचं उत्तर तपासणारा माणूस बसलेला असतो.

राहिलं रोजचं. त्यासाठी दोन महिने एक वही ठेवा. रोज रात्री दोन्ही ॲपचा उद्याचा अंदाज लिहा, दुसऱ्या रात्री प्रत्यक्षात काय झालं ते. तिसरा रकाना ‘उद्या आजच्यासारखंच’ या फुकटच्या अंदाजाचा. जे ॲप या तिसऱ्या रकान्यालाही हरवू शकत नाही, ते काढून टाका. दोन्ही ॲप रोज शब्दशः तेच सांगताना दिसली, तर त्यांचं मॉडेल बहुधा एकच आहे. मग त्यांतलंही एक काढा आणि त्या जागी दुसऱ्या मॉडेलवर चालणारं घ्या. माहितीच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात, मॉडेलचं नाव बहुतेक वेळा सापडतं.