शटरला मोटर आणि मोटरीला मोबाइल

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या तळमजल्यावर गाडी ठेवण्याच्या जागेला १० फूट रुंद आणि ८ फूट उंच लोखंडी रोलिंग शटर आहे. ते स्प्रिंगवर चालते आणि हाताने ओढावे लागते. माझ्या वयाला ते आता झेपत नाही. शटरवाला म्हणतो, वायफायचीच मोटर घ्या. वायरमन म्हणतो, साधी मोटर घ्या, वायफायचे स्विच मी वेगळे बसवून देतो. पुण्यात राहणाऱ्या मुलाला तिथून शटर चालवता यावे, असेही त्याच्या मनात आहे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वायफायचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी शटर तपासून घ्यावे. शटरवाल्याला ते कमरेइतके उचलून हात हळूहळू सैल करायला सांगा. शटर तिथेच थांबले, तर स्प्रिंगचा ताण त्याच्या वजनाशी जुळलेला आहे. खाली घसरू लागले, तर स्प्रिंग थकल्या आहेत. पट्ट्या वाकलेल्या असतील किंवा बाजूच्या गाइडमध्ये (शटर ज्या खाचेतून सरकते त्या पट्टीत) अडकत असतील, तर ते काम आधी उरकावे, कारण आज तुमचे खांदे जो अडथळा ओढतात, तोच उद्या मोटरीला ओढावा लागेल.

एवढ्या लोखंडी शटरला आम्ही साइड मोटर सुचवू. ती साखळी आणि चक्राच्या साहाय्याने शाफ्ट (शटर ज्यावर गुंडाळले जाते तो दांडा) फिरवते, वजनाचा भार स्प्रिंगवर टाकत नाही आणि वीज गेली तर हाताने ओढण्याची वेगळी साखळी तिच्यासोबत असते. मात्र ही साखळी आतल्या बाजूला लोंबते. त्या जागेत घरातून जायला दुसरे दार नसेल, तर वीज गेल्यावर आपण बाहेर आणि साखळी आत, अशी गंमत होईल. तेव्हा बाहेरून उघडण्याची सोय आधीच मागून घ्यावी. मोटरीची क्षमता किलोत सांगतात. पट्टीचे गेज (पत्र्याची जाडी) सांगून शटरचे वजन काढून घ्यावे आणि क्षमता त्याहून बरीच जास्त घ्यावी. नळीच्या आत बसणारी ट्युब्युलर मोटर खिडकीच्या हलक्या ॲल्युमिनियम शटरला शोभते. तशा मोटरी साधारण ४ मिनिटे सलग चालल्या की तापून आपोआप थांबतात आणि नातवंडांनी खेळ केला की मोटर जळाली म्हणून मिस्त्रीला उगाच बोलावणे जाते.

आता नियंत्रण. येथे आमचा कौल वायरमनच्या बाजूने आहे, कारण मोटर अनेक वर्षे टिकते आणि मोबाइलवरचे ॲप मात्र कंपनीच्या मर्जीवर चालते. दोन्ही वेगळे असले, तर एक बदलताना दुसरे काढावे लागत नाही. पण वायरमन नेमके काय बसवणार, हे विचारा. साइड मोटरीच्या नियंत्रण पेटीला वर, थांबा आणि खाली अशी तीन बटणे जोडण्याची जागा असते. तिथे क्षणभर जोडणारा, स्वतःचा वीजदाब न पाठवणारा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, लागतो. ट्युब्युलर मोटरीत वर जाण्याची आणि खाली येण्याची तार वेगळी असते आणि दोन्हींना एकाच वेळी वीज मिळाली, तर मोटर जळू शकते. म्हणून दिवे-पंख्यांचे दोन बटणांचे वायफाय स्विच तिथे कधीही लावू नये. शटरसाठीच बनवलेले, एक बाजू चालू असताना दुसरी अडवून धरणारे मॉड्यूल (वायफायची छोटी नियंत्रण डबी) घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या, वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकाचे मॉड्यूल मिळाले तर उत्तम, कारण ते घरातल्या घरात, इंटरनेट बंद असतानाही चालू शकते. मॉड्यूल लोखंडी पेटीत कोंबू नका. बहुतेक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि लोखंड त्या लहरी अडवते.

चिरंजीवांनी पुण्याहून शटर उघडले, तर काळजी चोरीची. बंद केले, तर खाली कोण उभे आहे याची. आम्हाला दुसरी काळजी मोठी वाटते. दोन्ही बाजूंना समोरासमोर फोटो सेन्सर (मधे कोणी आले की प्रकाशकिरण अडल्याने ओळखणारे) बसवल्याशिवाय आणि जागा दाखवणारा कॅमेरा असल्याशिवाय दुरून बंद करण्याची सोय सुरू करू नये. बोलून हुकूम देऊन उघडायचे असल्यास पिन अवश्य ठेवावा.

बसवून झाल्यावर, पैसे चुकते करण्यापूर्वी, राउटर बंद करून भिंतीवरचे बटण चालते का ते पाहा. मग मेन स्विच पाडून हातसाखळी स्वतः ओढून पाहा. ती मिस्त्रीला नव्हे, आपल्याला ओढता आली पाहिजे.