वाचकांचे प्रश्न: कॅबिनेटमधील हवेची वाट

प्रश्न: माझ्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटला समोर काचेचे पॅनेल आहे. त्याच्या मागे दोन आणि कॅबिनेटच्या पाठीमागे एक, असे १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसवलेले आहेत. मोठा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला की दहा-पंधरा मिनिटांत प्रोसेसरचे तापमान ९५ अंश सेल्सिअसवर जाते, पंख्यांचा आवाज वाढतो आणि कामाचा वेग मंदावतो. बाजूचे झाकण काढून ठेवले की सगळे सुरळीत चालते. वरच्या बाजूला आणखी तीन पंखे लावावेत, असे मला सुचवण्यात आले आहे. ते लावावेत, की झाकण उघडेच ठेवावे?

उत्तर: झाकण काढल्यावर तापमान उतरते, हे आपण स्वतः पाहिले आहे आणि निदानाचा मोठा भाग त्यातच आला. याचा अर्थ असा की प्रोसेसरवरचा कूलर आपले काम नीट करतो आहे, फक्त त्याला पुरेशी थंड हवा मिळत नाही. झाकण काढूनही तापमान तसेच राहिले असते, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे का आणि कूलरचे स्क्रू सारखे आवळलेले आहेत का, हे आधी तपासावे लागले असते. वेग मंदावतो तो प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो म्हणून. त्यात बिघाड काही नाही.

नवे पंखे विकत घेण्यापूर्वी एक साधा हिशेब पाहावा. संगणक जेवढी वीज वापरतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने कॅबिनेटमध्ये उतरते. समजा ही उष्णता ३०० वॅट आहे आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये अशी आपली अपेक्षा आहे, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहिली पाहिजे. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या जागेत एकटाच जवळपास एवढी हवा हलवतो. म्हणजे आपल्याकडे पंख्यांची कमतरता नाही. खोक्यावर छापलेली क्षमता मात्र पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाची असते, आणि आपल्या पंख्यांपुढे अखंड काच आहे. कडेच्या चिंचोळ्या फटींतून जेवढी हवा येईल तेवढ्यावरच त्यांना भागवावे लागते, म्हणून माझा पहिला संशय या पॅनेलवरच आहे.

संशय पडताळून पाहणे सोपे आहे. बाजूचे झाकण लावलेले असू द्यावे, समोरचे पॅनेल तेवढे काढावे आणि तोच व्हिडिओ पुन्हा वीस मिनिटे एक्स्पोर्ट करून तापमान लिहून ठेवावे. खोलीचे तापमानही दर वेळी सोबत नोंदवावे, कारण तुलना करायची ती खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतील फरकाची. नुसत्या आकड्याची तुलना फसवी ठरते. पॅनेल काढताच तापमान झाकण उघडे असतानाच्या आकड्याजवळ आले, तर दुखणे सापडले. मग जाळीचे पॅनेल मिळत असल्यास ते लावावे, किंवा काच आणि पंखे यांमधील अंतर वाढवता येते का ते पाहावे. पॅनेलमागचा धुळीचा फिल्टर चोंदला असल्यास तो धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. कधी कधी एवढ्यानेच काम भागते.

वर तीन पंखे लावण्याचा सल्ला मला पटत नाही. वरच्या बाजूला अगदी पुढे बसवलेला पंखा समोरून आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर फेकतो. पंखा वाढवायचाच असेल तर एकच, आणि तो वर पण मागच्या कोपऱ्यात, हवा बाहेर टाकणारा असावा. तत्पूर्वी सध्याच्या पंख्यांची दिशा एकदा तपासावी. चौकटीच्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. खात्रीसाठी पातळ कागदाची पट्टी पंख्यासमोर धरली तरी दिशा कळते. घाईत पंखा उलटा बसल्याची उदाहरणे मी अनेकदा पाहिली आहेत.

झाकण कायमचे उघडे ठेवू नये. चाचणीपुरते ते ठीक आहे, परंतु त्यामुळे धूळ थेट आत येते, आणि समोरून मागे जाणारा प्रवाह मोडल्याने ज्या भागांवर स्वतःचा पंखा नाही, त्यांना वारा मिळेनासा होतो.

प्रश्न: माझ्या कॅबिनेटमध्ये धूळ फार साचते. हवा आत ओढणारे पंखे जास्त असावेत, की बाहेर टाकणारे?

उत्तर: आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. असे झाले की आतला दाब किंचित वाढतो आणि फटींमधून हवा बाहेरच जाते, त्यामुळे आत येणारी हवा फिल्टरमधून गाळूनच येते. उलट स्थितीत प्रत्येक फट धूळ ओढून घेते. इथे पंख्यांची संख्या मोजून निष्कर्ष काढू नये. वरच्या प्रश्नातील वाचकांकडे दोन पंखे आत ओढणारे आणि एकच बाहेर टाकणारा आहे, तरीही समोरची वाट अडली असल्याने त्यांच्या कॅबिनेटमधील दाब बाहेरपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. मागच्या रिकाम्या स्लॉटजवळ, म्हणजे जादा कार्ड बसवण्याच्या खाचेजवळ, कागदाची पट्टी धरावी. ती आत ओढली गेली तर समोरचे फिल्टर साफ करावेत, किंवा मागच्या पंख्याचा वेग बायोसमधून (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून) कमी करावा. वेग निम्मा केला तर हवाही साधारण निम्मीच वाहते, परंतु आवाज त्याहून कितीतरी अधिक घटतो.

साफसफाईपूर्वी संगणक बंद करून वायर काढावी. दाबाच्या हवेने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण पंखा मर्यादेबाहेर वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.