बायोस अपडेट करताना बोर्ड गेला, तर वॉरंटीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी५५० मदरबोर्डवरचा रायझेन ५ ३६०० प्रोसेसर काढून तिथे रायझेन ७ ५७००एक्स३डी बसवायचा आहे. त्यासाठी आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागेल. बोर्डाची वॉरंटी वर्षभर शिल्लक आहे, पण विक्रेता म्हणतो, "स्वतः अपडेट केलंत आणि बोर्ड गेला, तर आमच्याकडे येऊ नका."

विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर काही ठरत नाही. वॉरंटीच्या छापील अटी काढून वाचा आणि मग कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी उघडा. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. तुमचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. अमुक प्रोसेसरला अमुक आवृत्ती लागते असं जी कंपनी स्वतः लिहिते, तिला पुढे 'ग्राहकाने छेडछाड केली' हे पटवून देणं जड जातं. त्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण अशी पानं बदलत राहतात.

२०२३ मध्ये एका मोठ्या मदरबोर्ड कंपनीने बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या, बायोससोबत वॉरंटी नाकारणारी ओळ टाकली होती. टीका झाल्यावर बीटालाही वॉरंटी लागू आहे, असं तिला जाहीर करावं लागलं. तरीही तुम्ही बीटाच्या वाटेला जाऊ नका. विनाकारण वादाला जागा कशाला ठेवायची?

आता तुमची बाजू जिथे लंगडी पडते, ते सांगतो. फाइल लिहिली जात असताना वीज गेली आणि बोर्ड बंद पडला, तर तो उत्पादनातला दोष ठरत नाही. चुकीच्या मॉडेलची फाइल टाकली, तरीही तेच. त्यामुळे बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक नीट बघा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना कधी कधी वेगळ्या फाइली असतात. त्या क्रमांकाचा फोटो काढा, फाइल कंपनीच्याच पानावरून घ्या, संगणक यूपीएसवर ठेवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रण करा. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर अर्धवट राहिलेलं अपडेटही बहुधा त्यानेच सावरता येतं. त्याला चालू प्रोसेसर लागत नाही.

अपडेट होऊन जुन्याच प्रोसेसरवर संगणक व्यवस्थित सुरू होईपर्यंत नव्या प्रोसेसरचं सील तोडू नका. बोर्ड गेलाच, तर न उघडलेला प्रोसेसर परत करण्याची शक्यता तरी हातात राहते. त्याची परतीची मुदत आजच तपासा. बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. प्रोसेसर बदलला की त्यातला एफटीपीएमही, म्हणजे बिटलॉकरची किल्ली सांभाळणारा सुरक्षा भागही, बदलतो आणि विंडोज ती की मागू शकते. डेटा गमावल्याची भरपाई वॉरंटीतून सहसा मिळत नाही, म्हणून हे मी आग्रहाने सांगतो आहे.

दुकानातून अपडेट करून घेणार असाल, तर पावतीवर 'बोर्ड चालू स्थितीत स्वीकारला, बायोस अपडेटसाठी' हे शब्द आणि जुनी आवृत्ती लिहून घ्या. 'नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची' अशा कागदावर सही करू नका.

आणि एवढं करूनही बोर्ड बंद पडला, तर बाहेरच्या कुणालाही बायोस चिपला हात लावू देऊ नका. आधी कंपनीला ईमेल करा: तारीख, वापरलेली आवृत्ती, तो स्क्रीनशॉट, चित्रण. त्यांनी नकार दिलाच, तर तो कारणासह लेखी मागा. तो हातात आला की मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी करून देईन.