प्रेक्षकांनी राडा केला, तर शिक्षा फुटबॉल क्लबला का?

आधीच सांगून टाकतो, मी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता आहे. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही.

तुमचा प्रश्न असा, की गॅलरीतले लोक मारामारी करतात, बाटल्या आणि पेटते फ्लेअर फेकतात, आणि गुण कापले जातात ते मैदानावर मुकाट्याने खेळणाऱ्या अकरा जणांचे. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं नाही का? बरीच वर्षं माझंही हेच मत होतं. आता त्यातलं निम्मं उरलंय. का ते सांगतो, जरा लांबेल.

लिव्हरपूलच्या चाहत्याला या विषयात तोंड उघडायचं तर पहिलं नाव हेसलचं घ्यावं लागतं. २९ मे १९८५, ब्रसेल्समधलं हेसल स्टेडियम, युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर इटलीचं युव्हेंटस. खेळ सुरू व्हायला तासभर असताना आमच्या बाजूचा जमाव मधलं तकलादू कुंपण तोडून शेजारच्या भागात घुसला. तो भाग कागदोपत्री तटस्थ प्रेक्षकांचा होता, पण तिकिटं फिरत फिरत बऱ्याच इटालियन कुटुंबांकडे गेली होती. जीव वाचवायला लोक एका भिंतीकडे सरकले, चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली. आणि एवढं होऊनही त्या रात्री सामना खेळवला गेला. युव्हेंटस १-० ने जिंकलं.

'आमच्या बाजूचा जमाव' असं मी मुद्दाम लिहिलंय. संघ जिंकला की 'आपण जिंकलो' आणि असलं काही झालं की 'ते खरे चाहते नव्हतेच', ही सोय मला पटत नाही.

हेसलनंतर युएफाने, म्हणजे युरोपचं फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, एकट्या लिव्हरपूलला नाही, सगळ्या इंग्लिश क्लबना युरोपच्या स्पर्धांबाहेर काढलं. बाकीच्यांना पाच वर्षं, आम्हाला एक वर्ष जास्त. आमच्यावरच्या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमचा प्रश्न एव्हर्टनच्या चाहत्याने विचारला असता तर मी खाली मान घातली असती. एव्हर्टन आमच्याच शहरातलं, आमचा पक्का वैरी. त्या वर्षी इंग्लंडचे विजेते ते होते, आणि हेसलच्या दोनच आठवडे आधी रॉटरडॅमला कप विनर्स कप ही दुसरी युरोपीय स्पर्धा जिंकून आले होते. इतकी वर्षं वाट पाहून जमलेला संघ, आणि युरोपियन कपचं दार त्यांच्या तोंडावर बंद, तेही शेजाऱ्याच्या पापासाठी. नॉर्विच या आणखी एका इंग्लिश क्लबने त्याच वर्षी देशातला लीग कप जिंकून इतिहासात पहिल्यांदा युरोपची जागा मिळवली होती. ती गेली, आणि त्यांचा पहिला युरोपीय सामना उजाडायला १९९३ साल लागलं.

हेसलची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगताना मला भीती वाटते, कारण आमच्यापैकी अनेक जण तिच्याआड लपतात. स्टेडियम मोडकळीला आलेलं होतं. दोन गटांमध्ये बंदोबस्त नावापुरता होता. बेल्जियमच्या न्यायालयात १४ लिव्हरपूल समर्थक मनुष्यवधासाठी दोषी ठरले, त्यांच्यासोबत बेल्जियन फुटबॉल संघटनेचा प्रमुख आणि एक पोलीस अधिकारीही निष्काळजीपणासाठी दोषी ठरले. आणि अंतिम सामन्यासाठी ते स्टेडियम निवडलं कोणी? युएफाने. म्हणजे बंदी घालणारा आणि मैदान निवडणारा एकच.

आता नियमाकडे येतो. युएफाच्या शिस्तपालन नियमांत समर्थकांच्या वागण्याला क्लब जबाबदार असतो, मग क्लबची स्वतःची चूक असो वा नसो. याला 'स्ट्रिक्ट लायबिलिटी' म्हणतात. २००२ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी वर्णद्वेषी आरडाओरडा केला म्हणून पीएसव्ही आइंडहोव्हन या डच क्लबला दंड झाला, तेव्हा क्लबने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादाने नियम उचलून धरला. युक्तिवाद सरळ आहे. युएफाचा हात प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. ती पोलीस नाही, न्यायालय नाही, तिच्या अधिकारात येतात ते संघटना आणि क्लब. 'आमचा काही दोष नव्हता' एवढं म्हणून क्लब सुटणार असेल तर नियम कागदावरच राहील.

फेयेनूर्ड या दुसऱ्या डच क्लबने तर पुढचा मुद्दा काढून पाहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये फ्रान्सच्या नॅन्सीत त्यांच्या लोकांनी धुमाकूळ घातला आणि क्लबला स्पर्धेतूनच काढलं गेलं. पुढच्या फेरीतला टॉटनहॅम न खेळताच वर गेला. फेयेनूर्डचं म्हणणं होतं, या लोकांना तिकिटं आम्ही विकलीच नव्हती. लवाद म्हणाला, तिकीट कुणी विकलं यावर समर्थक ठरत नाही. पाहणाऱ्या समजूतदार माणसाला जो त्या क्लबचा समर्थक वाटेल, तो त्या क्लबचा.

वाचायला हे पटतं. पण जरा पुढे विचार करा. उद्या मला क्लबच्या अध्यक्षाचा राग आला, आणि माझ्यासारखे पन्नास जण सोबत असले, तर मी काय करीन? एक फ्लेअर मैदानात टाकीन. क्लबला दंड, दुसऱ्यांदा केलं तर स्टँड बंद, तिसऱ्यांदा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये. चूक सिद्ध करायची गरजच नाही म्हटलं की क्लबची मानगूट आपोआप हुल्लडबाजाच्या हातात जाते. आणि फुकट तिकिटं, प्रवासखर्च यासाठी त्या मानगुटीचा उपयोग करणारी टोळकी जगात आहेत.

अर्जेंटिनात त्यांना 'बारा ब्रावा' म्हणतात, आणि माझं निम्मं मत बदललं ते यांच्याबद्दल वाचूनच. हे नुसते तापट चाहते नसतात. पार्किंगचे पैसे, खाण्याच्या टपऱ्या, तिकिटांचा काळा बाजार, क्लबच्या निवडणुकीत दमदाटी, असा तो धंदा असतो आणि क्लबच्या आतल्या माणसांशिवाय तो चालत नाही. तिथे 'क्लब बिचारा निर्दोष' म्हणणं भाबडेपणाचं आहे.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. मे २०१५, अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सच्या मैदानावर कोपा लिबर्ताडोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेचा सामना, समोर त्यांचा वैरी रिव्हर प्लेट. मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू मैदानात आणणाऱ्या बोगद्यातून बाहेर येत असताना त्यांच्यावर तिखट रसायन फवारलं गेलं, डोळे चुरचुरायला लागले, सामना बंद पडला. बोकाला स्पर्धेतून बाद केलं, २ लाख डॉलर दंड ठोकला. रिव्हरने पुढे तो कप जिंकला. नोव्हेंबर २०१८ मध्ये हेच दोन संघ, या वेळी अंतिम फेरी, मैदान रिव्हरचं. बोकाची बस स्टेडियमकडे जाताना दगड-बाटल्या आल्या, काचा फुटल्या, त्यांच्या कर्णधाराच्या डोळ्याला इजा झाली. बोकाने २०१५ चाच न्याय मागितला. मिळाला नाही. सामना उचलून थेट माद्रिदला नेला, रिव्हर ३-१ ने जिंकलं, कप त्यांच्याकडेच गेला. त्यांना ४ लाख डॉलर दंड आणि दोन घरचे सामने प्रेक्षकांविना.

वरवर पाहता ही निव्वळ मनमानी. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्यातच आहे. बोगदा क्लबच्या ताब्यात असतो. तिथे कुणाला जाऊ द्यायचं हे क्लबची माणसं ठरवतात. रस्ता पोलिसांच्या ताब्यात असतो. बस त्या जमावातून का नेली याचं उत्तर क्लबने कसं द्यावं? (ब्यूनस आयर्स शहराच्या सुरक्षामंत्र्याने त्या प्रकरणात राजीनामा दिला, ते योग्यच झालं.) हां, पण सामन्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी रिव्हरच्या एका टोळीप्रमुखाच्या घरातून सुमारे ३०० तिकिटं जप्त केली होती. ती क्लबमधून त्याच्या घरी कशी गेली, या एका गोष्टीसाठी मी रिव्हरला बसवरच्या दगडांपेक्षा जास्त कडक शिक्षा केली असती.

तर माझं उत्तर असं: शिक्षा व्हावी, पण क्लबच्या ताब्यात काय होतं ते पाहून. तिकिटं कुणाला दिली, फाटकावर झडती घेतली का, मैदानाकडेला माणसं पुरेशी होती का, कॅमेऱ्यात सापडलेल्याला पुढच्या सामन्याला आत घेतलं का. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांत क्लबला बचावाची एक वाट आहे. घटना आमच्या नियंत्रणाबाहेरची होती आणि आम्ही शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे दाखवण्याची. दाखवायचं क्लबने, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'आमची चूक सिद्ध करा' असं म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि खरोखर काळजी घेतलेल्याला वाटही राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रान्समधल्या नीस क्लबच्या प्रेक्षकांनी मार्से संघाचा खेळाडू पाये याला बाटली मारली, त्याने ती परत भिरकावली, मग प्रेक्षक मैदानात घुसले. नीसचे दोन गुण कापले, त्यातला एक निलंबित, आणि सामना पुन्हा तटस्थ ठिकाणी. मला ती शिक्षा बरोबर वाटते. प्रेक्षक मैदानात उतरतात तेव्हा त्यांना रोखायला कुणीच नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं, आणि ते काम यजमान क्लबचं.

ज्याने केलं त्याला धरायचे मार्गही आहेत. इंग्लंडात न्यायालय एखाद्याला तीन ते दहा वर्षं सामन्यांपासून लांब ठेवू शकतं, आणि परदेशात सामना असला की पासपोर्ट जमा करून घेतात. जर्मनीत एफसी कोल्नच्या एका चाहत्याने २०१४ मध्ये फटाका फेकला, क्लबला दंड झाला, क्लबने तो त्याच्याकडे मागितला, आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की मागता येतो. एका फटाक्याचे हजारो युरो खिशातून जाणार म्हटल्यावर बरेच हात आवरत असतील.

रिकाम्या स्टेडियमची शिक्षा मला मुळीच आवडत नाही. चाळीस हजार निर्दोष माणसांना घरी बसवायचं आणि त्याला न्याय म्हणायचं. तुर्कस्तानने २०११ मध्ये त्यावर मजेशीर तोड काढली होती. फेनरबाचे क्लबवर अशीच बंदी होती, तर फक्त बायका आणि १२ वर्षांखालच्या मुलांना फुकट आत सोडलं. ४१ हजारांहून जास्त आल्या. पुरुष टीव्हीसमोर.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण लिव्हरपूलच्या माणसाला तो टाळता येत नाही. शिक्षेआधी 'हिंसा' झाली होती का हे कोण ठरवतं? एप्रिल १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमला आमचे लोक चिरडून मेले, आकडा आता ९७ आहे. हुल्लडबाजांच्या धास्तीने उभारलेल्या कुंपणांत ते अडकले होते. बंदोबस्ताच्या पोलीस प्रमुखाने सांगितलं, चाहत्यांनी फाटक तोडलं. फाटक त्याच्याच हुकमाने उघडलं होतं. चाहत्यांचा दोष नव्हता असं न्यायालयीन चौकशीतल्या ज्यूरीने अधिकृतपणे म्हणायला २०१६ उजाडलं. २०२२ च्या पॅरिसच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात पुन्हा तेच. दारांशी तासन्‌तास कोंडी, अश्रुधूर, आणि 'बनावट तिकिटं घेऊन हजारो इंग्रज आले' ही सरकारी कथा. युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने पुढच्या वर्षी मुख्य जबाबदारी युएफावर टाकली. पण ज्या नियमाने फेयेनूर्डला स्पर्धेबाहेर काढता येतं, तो नियम युएफाला लागू होत नाही.

इंडोनेशियातल्या मलांगचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला अरेमा क्लब घरच्या मैदानावर हरला, काही चाहते मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला. फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये तो वापरायला मनाई आहे. अरुंद दारांशी लोक गुदमरले, १३५ गेले. प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांना त्या दिवशी प्रवेशच नव्हता, म्हणजे मारामारी करायला समोर दुसरी बाजूही नव्हती. अरेमाला उरलेल्या हंगामातले यजमानपदाचे सामने मलांगपासून लांब, प्रेक्षकांविना खेळायला लावलं आणि दंड केला २५ कोटी रुपिया. आकडा मोठा वाटतो, पण तेव्हाच्या दराने डॉलरमध्ये मोजला तर सोळाएक हजार भरतो. रिव्हरला बसच्या काचांसाठी ४ लाख पडले होते.